मजेत असलेल्या बाईची नुकसानभरपाई

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसाने मला उडवलं आणि रस्त्यावर पडल्या पडल्या मी त्याला म्हणाले, "इट्स ओके." हे पोलिसांच्या कागदात आहे, त्यामुळे आता नाकारून उपयोग नाही.

रविवारची दुपार होती. इथे परदेशात, सेरंगूनच्या मॉलमधून कोथिंबीर, एक नारळ आणि लेकीची चित्रकलेची वही घेऊन मी घरी निघाले होते. झेब्रा क्रॉसिंगवर अर्ध्यात पोचले असेन, तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. ती थांबायला हवी होती, थांबली नाही. मी उजव्या हातावर पडले आणि नारळ घरंगळत पार बसस्टॉपपर्यंत गेला. गाडीतून एक मध्यमवयीन माणूस उतरला. भर दुपारी त्याच्या तोंडाला बिअरचा भपकारा येत होता. "सॉरी सिस्टर, सॉरी, सॉरी," असं तो रडवेला होऊन म्हणायला लागला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "इट्स ओके." वर मी त्यालाच विचारलं, "आर यू ओके?"

बसस्टॉपवरच्या एका चिनी आजींना हे सहन झालं नाही. "यू डोन्ट टॉक! यू सिट!" असं मला दरडावून त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि नारळही आणून दिला. पोलिसांनी त्या माणसाला यंत्रात फुंकायला लावलं. मला नको तिथे हसू येतं, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. एका तेराव्याच्या जेवणात हसले म्हणून मी भर पंगतीत धपाटा खाल्लेला आहे. तो माणूस गाल फुगवून फुंकत होता आणि मी स्ट्रेचरवर झोपून खिदळत होते. हेही बहुतेक कुठेतरी लिहून ठेवलेलं असणार.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडलं होतं आणि सांधा धरून ठेवणारा बंध तुटला होता. ऐकायला हे किरकोळ वाटतं. मलाही वाटलं. पण मी इथल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करते, आणि हे संशोधन म्हणजे काय, तर हातात पिपेट धरायची आणि अंगठ्याने तिचं बटण दाबत थेंब मोजत बसायचं. दिवसातून हजारदा. मी पीएचडी झाले तेव्हा नवरा म्हणाला होता, इतकं शिकून शेवटी अंगठाबहाद्दरच झालीस. तेव्हा मी रागावले होते. त्याचं म्हणणं खरं होतं, माझी सगळी विद्या अंगठ्यातच होती.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, "पेन हाऊ मेनी? झीरो टु टेन." आता दहापैकी गुण द्यायचे म्हटल्यावर मला माझी शाळा आठवली. आमच्या मराठीच्या बाईंनी आयुष्यात कुणाला निबंधाला दहापैकी सातच्या वर दिले नाहीत. दहा दिले की मुलं शेफारतात, असं त्यांचं मत. मी विचार केला, दहा म्हणजे बाळंतपण. नऊ म्हणजे माझ्या आईचा मुतखडा. हाड मोडलंय खरं, पण एवढ्यावर गुणांची उधळण कशाला? "तीन," मी म्हटलं. नर्सने माझ्या टम्म सुजलेल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, जास्त मागितले की काय. "टू अँड अ हाफ," मी म्हटलं.

नवरा जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचं काम बघतो. कुणाच्या बोटाला खरचटलं तरी त्याच्याकडे चार पानी रिपोर्ट येतो. माझा हॉस्पिटलचा कागद वाचून त्याने कपाळावर हात मारला. "तुला काय, अपघात झाला नाही असं सिद्ध करायचंय का?"

ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, पण अंगठा काही पहिल्यासारखा वाकेना. प्रयोगशाळेत माझ्या पिपेटा दुसऱ्या मुलीकडे गेल्या आणि मला आकडे टाइप करायला बसवलं, डाव्या हाताने. तोवर त्या माणसाने गुन्हा कबूल केला होता, त्याला शिक्षा झाली होती, लायसन्स गेलं होतं. झालं की मग, असं मला वाटलं. नुकसानभरपाई मागायची म्हणजे मला कसंसंच होत होतं. सासूबाईही फोनवर म्हणाल्या, "अगं, मोठ्या मनाने सोडून दे. आपण काय मागणारी माणसं आहोत का?" पण नवरा हट्टाला पेटला आणि मला तोआ पायोहला एका वकीलबाईंकडे घेऊन गेला.

वकीलबाई इथेच जन्मलेल्या तमिळ, पन्नाशीच्या. ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा केसांत. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत माझे गैरसमज झाडून काढले. कोर्टाने त्याला दंड केला तर तो सरकारकडे जातो, मला नाही. माझा दावा वेगळा, तो मीच करायचा, तोही तीन वर्षांच्या आत. आणि तो दारू प्यायला होता, एवढ्या कारणावरून त्याच्या इन्शुरन्सवाल्यांना माझ्यापुढे हात झटकता येत नाहीत. मला द्यायचं ते द्यावंच लागेल, मग हवं तर त्यांनी ते त्याच्याकडून वसूल करावं.

"म्हणजे ही मेहेरबानी नाही?" मी विचारलं.

"मेहेरबानी? धिस इज युअर राइट, लह!" त्या इथल्या पद्धतीने शेवटी 'लह' लावून म्हणाल्या आणि लिहून घ्यायला लागल्या. "आता सांगा. लॉस ऑफ अमेनिटीज."

या शहरात अमेनिटीज म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घराच्या प्रत्येक जाहिरातीत असतं ते. मी प्रामाणिकपणे म्हटलं, "आम्ही काँडोत नाही, एचडीबीच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहतो. आमच्याकडे स्विमिंग पूल नव्हताच."

वकीलबाईंनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवरच्या चष्म्यावर चढवला. बहुधा मी दोन चष्म्यांतून जास्त नीट दिसेन असं त्यांना वाटलं असावं. नवरा खिडकीकडे तोंड करून हसत होता. मग त्यांनी समजावलं की कायद्याच्या भाषेत याचा अर्थ जगण्यातल्या सोयी, सुखं. आधी करता येत होतं आणि आता येत नाही, असं काय आहे?

मी विचार करायला लागले. भाताचा घास घेता येत नाही. घास बोटांनी कालवता येतो, पण तोंडात ढकलतो तो अंगठा. कुकरचं झाकण लागत नाही. लेकीची वेणी घालता येत नाही. आणि मोदकाच्या कळ्या पाडता येत नाहीत. कळ्या म्हणजे काय हे मी हवेत बोटं नाचवून दाखवत होते. तेवढ्यात वकीलबाईंचं पेन थांबलं. "कोळुकट्टै?" त्यांनी विचारलं. "माझी अम्मा करायची." त्यांनी स्वतःचा अंगठा आणि दोन बोटं जुळवून एक अदृश्य चिमटा काढला आणि अंगठ्याकडे बघत राहिल्या. तेव्हापासून ही केस त्यांनी मनावर घेतली.

दावा गेला. काही आठवड्यांनी समोरच्या वकिलांचं उत्तर आलं, आणि वकीलबाईंनी मला तातडीने बोलावून घेतलं.

"मजेत म्हणजे काय?" त्यांनी दारातच विचारलं.

त्याचं असं झालं होतं. मला व्यायाम करून घ्यायला हॉस्पिटलमध्ये एक गोड मलय मुलगी होती. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर माझ्या आईचा पुण्याहून फोन आला. कशी आहेस? मजेत! कुणी कशी आहेस विचारलं की मजेत म्हणायचं, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे, मोडलेल्या हाडातसुद्धा. फोन ठेवल्यावर त्या मुलीने शब्दाचा अर्थ विचारला. मला काय हौस! आपली भाषा कुणी विचारतंय म्हटल्यावर मी ऐटीत सांगितलं, "इट मीन्स, आय ॲम हॅविंग फन." तिला तो शब्द भारी आवडला. त्यानंतर दर आठवड्याला मी आत शिरले की ती विचारायची, "मजेत?" आणि मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर अंगठा ताणून घेता घेता म्हणायची, "मजेत!" आणि ती बिचारी इमानदारीत लिहून ठेवायची. पेशंट हॅविंग फन.

ते कागदांत सहा ठिकाणी आहे, असं समोरच्या वकिलांनी मोजून दाखवलं होतं. शिवाय अडीच गुण होतेच. शिवाय 'इट्स ओके'. पत्राचा सारांश असा की या बाईंना अपघातानंतर काहीही त्रास नसून त्या स्वतःच्याच सांगण्यानुसार मजा करत आहेत.

मी ते वाचलं आणि मला हसू फुटलं. आवरेना. खुर्चीत वाकून हसले. वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. "एव्हरी पेज ऑल्सो यू आर फाइन," त्या म्हणाल्या. "तुम्ही फाइन आहात, तर मग माझ्याकडे कशाला आलात? तुमचा हात गेला, नोकरी जायची वेळ आली, आणि तुम्ही सगळ्यांना खूश करत फिरताय. कोणाला खूश करताय? कशासाठी?"

मला राग आला. खरंच आला. ही कोण मला सांगणारी, असं वाटलं. बसमध्ये बसल्यावर कळलं की राग त्यांचा नव्हता, माझा मलाच आला होता.

आता एकच मार्ग उरला होता. इन्शुरन्सवाल्यांनी नेमलेला हाताचा तज्ज्ञ डॉक्टर मला तपासणार होता. तो जे लिहील त्यावर ठरणार होतं की माझं काम गेलं ते त्या अपघाताने गेलं, की मी उगाच कांगावा करतेय. वकीलबाईंनी बजावलं, "वाढवून सांगायचं नाही, खोटं बोलायचं नाही. फक्त पोलाइट व्हायचं नाही. कॅन ऑर नॉट?"

"कॅन," मी म्हटलं. पण घरी रंगीत तालीम सुरू झाली आणि कळलं की कॅनॉट.

नवरा डॉक्टर झाला. गळ्यात लेकीची स्किपिंगची दोरी. "हाऊ आर यू?"

"फाइन, थँक यू."

"बाद!" नवरा ओरडला. "पुन्हा. हाऊ आर यू?"

"बरी आहे."

"बरी कसली बरी! हाऊ आर यू?"

"तसं काही विशेष नाही हो, पण थोडंसं..."

"आई, यू ऑल्वेज लाय, लह!" नऊ वर्षांची लेक सोफ्यावर उड्या मारत म्हणाली. तिला न्यायाधीश केलं होतं. आठवडाभर घरात हाच खेळ. मी पोळ्या लाटत असले, म्हणजे डाव्या हाताने नकाशे करत असले, की मागून आवाज यायचा, "हाऊ आर यू?" मी दचकून म्हणायची, "मजेत!" आणि दोघं लोळून हसायची. शेवटी सासूबाईंनाही फोनवर सामील करून घेतलं. त्यांनी पुण्याहून खणखणीत आवाजात विचारलं, "काय गं, कशी आहेस?" आणि मी म्हटलं, "मी मजेत. तुमचे गुडघे कसे आहेत?"

"माझे गुडघे?" त्या म्हणाल्या. "एकदम मजेत." हा आजार घराण्यात आहे, असं नवऱ्याने जाहीर केलं.

तपासणीच्या दिवशी मी जीभ दातांत धरून आत गेले. डॉक्टर म्हातारे, चिनी, अतिशय मऊ आवाजाचे. त्यांनी मान वर करून हसून विचारलं, "हाऊ आर यू टुडे?"

मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मी गप्पच. ते कागदावर काहीतरी शोधायला लागले, बहुतेक मला ऐकू येत नाही असं कुठे लिहिलंय का ते. "नॉट फाइन!" मी एकदम इतक्या जोरात म्हटलं की बाहेरची रिसेप्शनिस्ट दार उघडून बघून गेली. मला पुन्हा हसू यायला लागलं, पण डॉक्टरही हसले, त्यामुळे बरं झालं.

त्यांनी टेबलावर एक नाणं ठेवलं. उचला म्हणाले. मी पटकन डाव्या हाताने उचलून त्यांच्या हातात दिलं. उगाच म्हाताऱ्या माणसाला ताटकळत कशाला ठेवा.

"राइट हँड, प्लीज."

उजवा हात पुढे केला. बोटं नाण्यावर गेली, अंगठा गेलाच नाही. नाणं सरकलं. पुन्हा. मी नाणं टेबलाच्या कडेपर्यंत ढकलत नेलं आणि ते खाली पडलं. डॉक्टरांनी वाकून उचलून पुन्हा ठेवलं. पाचव्या वेळी मला हसू येईनासं झालं. मग ते म्हणाले, तुमच्या कामात तुम्ही काय करता, दाखवा. मी हातात पिपेट आहे असं धरलं आणि अंगठा खाली दाबला. तो अर्ध्यावर थांबला आणि थरथरायला लागला.

"डझ इट हर्ट?"

"येस," मी म्हटलं. "इट हर्ट्स." एवढं इंग्रजीत जमलं. पुढचं सगळं मराठीत आलं. "दुखतं हो! सकाळी उठल्यापासून दुखतं. ब्रश करताना दुखतं, किल्ली फिरवताना दुखतं. लेकीचा हात धरला तरी दुखतं आणि तिला कळू नये म्हणून मी तिच्या दुसऱ्या बाजूने चालते. मला माझं काम आवडत होतं हो. मी चांगली होते त्यात. त्या माणसाने दुपारी बिअर प्यायली आणि मी त्याला म्हटलं, ठीक आहे. काही ठीक नाहीये!"

डॉक्टरांना एक अक्षर कळलं नसणार. ते पेन खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि बराच वेळ लिहिलं.

तीन दिवसांनी संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. "ही रोट पर्मनंट!" त्या ओरडल्या. "त्यांच्याच डॉक्टरने लिहिलं! पर्मनंट! आता ते भांडू शकत नाहीत!" मी स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. जिंकलो होतो. लगेच नवऱ्याला फोन लावला. तो कंपनीच्या बसमधून घरी येत होता, आवाज तुटत होता. "अरे, पर्मनंट दिलं!" मी किंचाळले. "पर्मनंट!"

"काय? पर्मनंट? खरंच?" पलीकडून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. काय ही माणसं, मला वाटलं, माझ्या अंगठ्यासाठी टाळ्या वाजवतायत. मला भरून आलं.

तासाभरात नवरा घरी आला. सोबत त्याच्या ऑफिसातला एक मराठी सहकारी, त्याची बायको आणि काजूकतलीचा भला मोठा डबा. "अभिनंदन, अभिनंदन!" वहिनींनी मला मिठी मारली. "किती वाट पाहायला लावली हो!"

"हो ना," मी म्हटलं. "मला तर वाटलं नाहीच म्हणतात."

"आता घर घेऊन टाका," सहकारी म्हणाला. मला वाटलं, एवढी काही भरपाई मिळायची नाही, पण शुभेच्छा देतोय बिचारा.

"आमचं दोनदा नाकारलं," वहिनी म्हणाल्या.

"अगंबाई! तुमचाही अंगठा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याचा काजूकतलीचा हात हवेतच राहिला. आमचा पीआरचा, म्हणजे इथल्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज वर्षभर पडून होता. त्या बसमधल्या निम्म्या लोकांचे अर्ज असेच पडून होते. इथे आपल्या माणसांत पर्मनंट हा शब्द उच्चारला की दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यातच येत नाही. "अरे, पीआर नाही," मी म्हटलं. "अंगठा. माझा अंगठा पर्मनंट झालाय!"

मग जे हसलो! वहिनी जमिनीवर बसल्या. सहकारी म्हणाला, आता बसमधल्या तीस जणांना काय सांगायचं? नवऱ्याने माझा हात धरून वर केला आणि जाहीर केलं, घरातला पहिला पर्मनंट मेंबर. माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

एवढ्यात वकीलबाईंनी डॉक्टरांचा अहवाल फोनवर पाठवला. लेकीने माझा फोन हिसकावून घेतला आणि शाळेत धडा वाचतात तसा खणखणीत इंग्रजीत वाचायला घेतला. उजव्या अंगठ्याची पकड पूर्ववत होण्याची शक्यता नाही. प्रयोगशाळेत हाताने करायचं बारीक काम या बाईंना यापुढे करता येणार नाही. वाचून झाल्यावर तिने मान वर केली.

"आई, मीन्स यू कॅनॉट गो बॅक टु द लॅब, इज इट? एव्हर?"

हे एक वाक्य लिहून मिळावं म्हणून मी वर्षभर धडपडत होते. वकील केला, तालमी केल्या, एका म्हाताऱ्या डॉक्टरांपुढे मराठीत भडाभडा बोलून आले. त्यांनी ते लिहिलं तर ते खरंही असेल, एवढी साधी गोष्ट मला एकदाही सुचली नव्हती. नवऱ्याने माझा हात अजून धरून ठेवला होता.

"नाही गं," मी लेकीला म्हटलं. "आता नाही जाता येणार." आणि मी पाहुण्यांसमोर मोठ्यांदा रडायला लागले.